बाजाराच्या दिवसाची गोळी

"या महिन्यात तुझा नवरा चुलीपुढं दिसला न्हाई गं," मुकादमीण म्हणाली, आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर टाकता टाकता दुमडली.

कोपीत राहणाऱ्या बाईचं काही लपत नाही. घरी असते तर चार दिवस बाजूला बसले असते, सासूनं सैपाक केला असता, गल्लीला कळलंही नसतं. इथं उसाच्या पाचटाच्या कोप्या, एकीचं कूड दुसरीला टेकलेलं. मला अडचण आली की ह्यांना भाकरी थापावी लागायची. त्यांच्या भाकरीला कोपरे यायचे. सगळी टोळी हसायची आणि हसता हसता कुणाची पाळी कधी ते सगळ्यांच्या डोक्यात बसायचं. मुकादमीण, म्हणजे आम्हाला गावाकडून कारखान्यावर आणणाऱ्या मुकादमाची बायको, तिच्या डोक्यात तर पक्कं. माझ्यापेक्षा आधी तिला कळलं की माझे दिवस वर गेलेत.

"गोळी घेतीय मी," मी म्हणाले. "गोळीनं पुढं-मागं होतं."

"हां, होतं," ती म्हणाली. "मलाबी तसंच झालतं. ते आता नववीत हाय."

बाया हसल्या. मीही हसले. पण भाकरी करपली.

मी आष्टीकडची. सातवीपर्यंत शिकले, तीही तुकड्या तुकड्यांनी, कारण दिवाळी झाली की आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायचे आणि परत येईपर्यंत वर्ग पुढं गेलेला असायचा. लग्नानंतरही तेच, फक्त आई-बापाच्या जागी नवरा. तोडीला एकट्याला कुणी घेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यातलं एक जण आजारी पडलं तर अर्धा कोयता असं काही नसतं. अख्खाच मोडतो.

त्या वर्षी गावाकडं लई वाईट होतं. विहिरीत खडखडाट, टँकर दोन दिवसाआड. सासू-सासरे जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेलेले. घराला कुलूप. म्हणजे मला कुणी म्हणालं असतं की जा बाई घरी, तर घर कुठं होतं? हे मी आज लिहिते तेव्हा साधं वाटतं, पण तेव्हा रात्रंदिवस डोक्यात एवढंच घुमायचं, की पुढंही जाता येत नाही आणि मागंही.

माझी लेक तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. ती पोट फाडून झाली होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी ह्यांना समोर उभं करून सांगितलं होतं, "तीन वर्षं दुसरं मूल नको. टाके आतून कच्चे असतात. हिनं ओझी उचलली आणि पोटही असलं, तर दोघांचं काही खरं नाही." मी रोज डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होते. म्हणून पाळी चुकणं ही माझ्यासाठी नुसती पाळी चुकणं नव्हती. पोटात काही असलं तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, मी जगते का नाही असा तो प्रश्न होता.

आमच्या गावच्या आशाताईनं आधी मला रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी मळमळायचं, छाती जड व्हायची, दुखायची. दोन महिने काढले, मग मी नको म्हणाले. तेव्हा तिनं आठवड्याची गोळी दिली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि बुधवारी, पुढं फक्त रविवारी. "रविवार धर," ती म्हणाली. "रविवार इसरत न्हाई माणूस. बाजार असतो." शेजारच्या मोठ्या गावचा बाजार रविवारी असायचा. पिशवी खुंटीवरून काढायची, आधी गोळी, मग पिशवी. तीन महिन्यांत एकदाही चुकली नाही. दिवाळीनंतर टोळीबरोबर निघाले तेव्हा गोळ्यांच्या पट्ट्या लेकीच्या झबल्यात गुंडाळून आणल्या. इथंही बाजाराच्या दिवशी आठवणीनं घ्यायची.

म्हणून पाळी पुढं गेली तरी आधी मी निर्धास्त होते. मग मळमळ सुरू झाली. पहाटे उठलं की तोंडाला पाणी सुटायचं. फडात वाकलं की डोळ्यापुढं काळे ठिपके. छातीला पाचट घासलं तरी दुखायचं. मी स्वतःला सांगायचे, हे गोळीचंच, मागं नव्हतं का झालं असंच? आणि पाच मिनिटांनी म्हणायचे, ती गोळी वेगळी होती. आणि परत, गोळी ती गोळी. लेकीच्या वेळचं आठवून बघायचे. तेव्हा कांद्याचा वास सहन होत नव्हता. म्हणून मुद्दाम कांदा फोडून हुंगायचे. कधी वास नकोसा व्हायचा, कधी भूक लागायची. तीन वेळा हुंगला आणि तीन वेळा वेगळं वाटलं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "कावून झालं पण? तू तर गोळी घेतीस ना?"

"घेतीय."

"मंग?"

"मंग काय, मला इचारता? तुमाला इचारायला पायजे."

ते उठून ट्रॉलीकडं गेले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटच्या मोळ्या तेच फळीवर नेऊ लागले. मुकादमानं बघितलं आणि ओरडला, "काय बे, बायकोला राणी करतो का?" हे खाली मान घालून चढत राहिले.

टोळीतल्या बायांचे दोन तट पडले. अर्ध्या म्हणायच्या गोळीची उष्णता आहे, ताक पी. अर्ध्या म्हणायच्या दिवस गेलेत, लवकर मोकळी हो. मुकादमीण मात्र ना इकडं ना तिकडं. तिचं उत्तर तयार होतं.

"पोटातली पिशवीच काढून टाक. मी न्हाई का काढली? ना पाळी, ना गोळी, ना हे रोजचं मोजणं. परवा जीप चालली हाय दवाखान्यात. दोघी हायेत, तू तिसरी. आदी मोकळं करतील, मंग पिशवी."

"पण काकी, दिवस गेलेत का न्हाई तेच माहीत न्हाई."

"आगं, पिशवीच न्हाई ऱ्हायली तर माहीत कशाला पायजे?"

ती वाईट बाई नव्हती, हे मला लिहायलाच हवं. माझी लेक तापली तेव्हा तिनंच मांडीवर घेतली होती. तिला खरंच वाटत होतं की ती मला सोडवतेय. म्हणून तिला नाही म्हणणं जास्त अवघड होतं. मी "बघते" म्हणाले. तिनं ते हो असं धरलं आणि जीपवाल्याला निरोप दिला.

आता वाढ्यांचं सांगते. उसाचा हिरवा शेंडा म्हणजे वाढं. ते आम्हा तोडणाऱ्यांचं. दुपारच्या पुढं बाया वाढ्यांचे भारे बांधून गावात विकायला नेतात, कारण तिकडं घरटी म्हशी. दुष्काळामुळं त्या साली वाढ्यांना लई मागणी होती. मी गावातल्या सहकारी दूध डेअरीपाशी जायचे. डेअरीवर माप घेणारी एक काकू होती, पन्नाशीची, आवाज असा की म्हैस वळून बघावी. तिच्याही चार म्हशी होत्या, त्यामुळं माझा भारा बहुतेक तिच्याकडंच उतरायचा.

त्या दिवशी भारा टाकला आणि दुधाच्या कॅनचं झाकण उघडल्याचा तो कोमट वास आला. मी भिंतीला धरून ओकले. डेअरीच्या भिंतीला. रांगेतले लोक मागं सरले.

"आगं आगं पोरी, उपाशी हाईस व्हय?" काकू बाहेर आली. "का कुणी पावणा येणाराय?"

मला रडू फुटलं. रांगेत कुणीतरी म्हणालं, "काकू, माप थांबलंय." ती म्हणाली, "म्हशी थांबल्यात का? न्हाई न्हवं? मग दुधाला काय हुतंय." आणि लेकीला कडेवर घेऊन, मला दंडाला धरून, डेअरीमागच्या उपकेंद्रात घेऊन गेली. महिनाभर मी त्या भिंतीच्या अलीकडं भारे टाकत होते आणि पलीकडं सरकारी दवाखाना आहे हे मला माहीत नव्हतं. पाटी होती. वाचता येत होती. पण आमच्यासाठीही असतो असं वाटलं नव्हतं.

आतल्या सिस्टर माझ्याच वयाच्या असतील. खुर्ची दिली. मी खाली बसायला लागले तर म्हणाल्या, "खाली बसलात तर मला नीट बघता येणार नाही."

पाळी कधी आली होती? मी सांगितलं, आम्ही शाळेमागच्या फडात होतो तेव्हा.

"तारीख?"

मला तारीख माहीत नव्हती. टोळीत तारीख फक्त मुकादमाला असते. आम्ही दिवस फडावरून ओळखतो.

"गोळी कोणत्या वारी घेता?"

"बाजाराच्या दिवशी."

"इथला बाजार गुरुवारी असतो. दर गुरुवारी?"

गुरुवार? टोळीला बाजाराला कधी सोडायचं ते मुकादम ठरवायचा. कारखान्यावर गाड्यांचा नंबर लागला नाही, फड संपला, तर सोडायचा. मग ज्या गावचा बाजार त्या दिवशी सापडेल तिथं जायचं. बाजार आला की मी गोळी घ्यायचे. एकही बाजार चुकवला नव्हता. त्यालाच मी आठवडा म्हणत होते.

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "मागच्या आठवड्यातला बाजार धरू. त्याच्या आधीचा कधी झाला?"

"विहिरीवाल्याचा फड संपला तवा."

"त्याच्या आधीचा?"

"टेकावरचा, तुऱ्याचा ऊस. त्याच्या आदी शाळेमागचा."

सिस्टर काकूकडं बघायला लागल्या. काकूनं लेकीला टेबलावर बसवलं आणि बोटं मोजायला घेतली. कुणाच्या उसाचं वाढं तिच्या म्हशींनी कधी खाल्लं ते तिला तोंडपाठ. "विहिरीवाल्याचं वाढं संकष्टीला आलतं, माझा उपास हुता. मागचा बाजार त्याच्यावर अकरा दिसांनी. टेकावरचं तुरं आल्यालं, म्हशींनी तोंड लावलं न्हाई, ते त्याच्या आदी... बारा दिस धर. आनि शाळेमागचं त्याच्याबी आदी नऊ दिस." तिच्या म्हशींच्या चाऱ्यावरून सिस्टरनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या गोळ्यांना गोल केले. दोन गोलांमध्ये एकदा नऊ दिवस, एकदा बारा, एकदा अकरा. सात कुठंच नव्हते.

तोपर्यंत कितीही भ्यायले तरी आत एक धागा होता, की गोळी तर घेतलीय. तो तुटला.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते मी जवळजवळ शब्दाला शब्द लक्षात ठेवलंय, कारण पुढं कितीतरी जणींना सांगितलं. "या आठवड्याच्या गोळीनं पाळी लांबते, कमी जाते. ते गोळीचं काम असू शकतं. पण या गोळीनं मळमळ सहसा होत नाही. रोजच्या गोळीनं होते, या नाही. म्हणजे तुमची मळमळ एकतर दिवस गेल्याची, नाहीतर तिसऱ्याच कशाची. नुसत्या लक्षणांवरून मलाही ओळखता येणार नाही, तुमच्या टोळीतल्या कुणाला तर नाहीच. तपासणी केल्याशिवाय कुठलीही गोळी खायची नाही, कुठल्याही जीपमध्ये बसायचं नाही." जीपचं काकूला मी रडता रडता सांगितलं असावं.

मग त्यांनी माझ्या पापण्या खाली ओढून बघितल्या. "पांढऱ्याफटक. रक्त कमी आहे, म्हणून चक्कर." तोंड उघडायला लावलं. "मिश्री लावता?"

लावत होते. घरी कधी नाही. इथं पहाटे चारला उठून फडात जायचं, भाकरी मिळायची नऊ-दहाला. टोळीतल्या उमापूरकडच्या एकीनं शिकवलं, जळकी तंबाखू हिरड्यांना लावली की भूक मरते.

"कधीपासून?"

"विहिरीवाल्याच्या फडापासून."

"आणि मळमळ?"

मी बोटांवर फड मोजले. काकू म्हणाली, "बोल की."

"तवाच्या आसपास."

सिस्टरनं तपासणीची पट्टी काढली. मी लघवी आणली, त्यांनी थेंब टाकले. आम्ही तिघी त्या पांढऱ्या खिडकीकडं बघत बसलो. एक रेघ आली. दुसरी आली नाही. मी उठायला लागले, पण त्या म्हणाल्या, "आज नाही दाखवत. पण तुमच्या गोळ्यांचे दिवस असे चुकलेत, की खूप अलीकडचं असेल तर आज कळणार नाही. आठ दिवसांनी पुन्हा करायची. सकाळची पहिली लघवी."

"आठ दिवसांनी आमी हितं नसू. टोळी हलणार हाय."

त्यांनी दुसरी पट्टी माझ्या हातात दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि उपाशीपोटी तंबाखूनंही मळमळतं म्हणून मिश्री त्याच दिवशी बंद करायला लावली. दोन रेघा आल्या तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं, तिथं मोकळं करायचं असलं तरी नीट करतात, आणि ठेवायचं असलं तरी बघतात, असं सांगितलं. ठेवायचं असलं तरी. हे वाक्य मला पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. काकूनं निघताना दूध संघाचं कॅलेंडर दिलं, म्हशीच्या फोटोचं. "मुकादमाच्या बाजारावर जगू नगंस बाई," ती म्हणाली.

जीप आली त्या सकाळी मुकादमीण कोपीच्या तोंडाशी उभी. "चल, लेकीला मी सांबाळते."

"एकच रेघ आली काकी."

"एका रेघेचा काय भरोसा? पाळी कुठं आली?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पाळी आलेली नव्हतीच. मी फक्त म्हणाले, "आज न्हाई." जीप दोघींना घेऊन गेली. त्यातली एक माझ्यापेक्षा लहान होती. नंतर ती कोपीत पडून असायची, मी तिला पाणी द्यायचे, आणि ती विचारायची, "तुझं काय झालं मंग?" मी म्हणायचे, अजून माहीत न्हाई.

ते आठ दिवस मी कसे काढले! कॅलेंडरवर रोज नखानं खूण. मिश्री सोडली तर भूक अंगावर यायची, डोकं ठणकायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मळमळ कमी झाली आणि मी हरखले. सहाव्या दिवशी परत एकदा उमळून आलं आणि सगळं पाण्यात. एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. मी महिने मोजले होते. भादव्याच्या आसपास झालं असतं. तेव्हा पाणी असतं गावाला. नको नको म्हणत असतानाही मी त्याला भादव्यात बघितलं होतं.

आठव्या सकाळी टोळी हलायची होती. उजाडताना कोप्या मोडून चटया, भांडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलेली. मी उसाच्या आडोशाला जाऊन आले, थेंब टाकले. पट्टी सपाट धरायची आणि पाच मिनिटं थांबायचं. ठेवायला जागा नव्हती. कोपीच उरली नव्हती. हे म्हणाले, "आण हिकडं," आणि तळहात पुढं केला. मी पट्टी त्यावर ठेवली. ते पुतळ्यासारखे उभे. दुसऱ्या हातात लेक.

"अय, चल की बे!" मुकादम ट्रॅक्टरवरून ओरडला. "काय हातात धरून उभा ऱ्हायलास, अंडं हाय का?"

सगळे हसले. हे हलले नाहीत. "थांबा वाईच," एवढंच म्हणाले. लग्नापासून मी ह्यांना मुकादमाला थांबा म्हणताना ऐकलं नव्हतं. ट्रॅक्टरनं भोंगा वाजवला. पोरगी दचकून पट्टीकडं हात करायला लागली, तर त्यांनी हात उंच धरला, सपाटच.

एक रेघ आली. आम्ही बघत राहिलो. पाच मिनिटं झाली असतील, सात झाली असतील.

"दुसरी पुसली तर न्हाई ना गं?" ते हळूच म्हणाले.

"न्हाई. आलीच न्हाई."

"बरं झालं."

"हां, बरं झालं," मी म्हणाले. खरंच बरं झालं होतं. मी मरणार नव्हते. मी तिथंच, मोडलेल्या कोपीच्या जागेवर खाली बसले. ह्यांना वाटलं चक्कर आली. मला त्या बाईचे, त्या सिस्टरचे पाय धरावेसे वाटत होते, आणि भादव्यातलं ते कुणीतरीही आठवत होतं. दोन्ही एकाच वेळी. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं.

ट्रॉलीत चढले तर मुकादमिणीनं सरकून जागा दिली. "काय आलं?"

"काय न्हाई."

"मंग ठीक. पण रोज हे कोण बघणार? नव्या ठिकाणाहून बी जीप जाती. तिकडचा डाक्टर—"

"न्हाई काकी," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला, ट्रॉलीतल्या बाया वळून बघायला लागल्या. "माझी पिशवी हाय तशी ऱ्हाऊ द्या. मी दिवस धरून गोळी घीन."

तिनं मान दुसरीकडं केली. ट्रॅक्टर हलला, आणि ट्रॉली खड्ड्यात आदळली तेव्हा तिनं न बघताच हात आडवा धरला, माझी लेक पडू नये म्हणून.